दौलतरावांची चंद्रकोर सरळ होते

बिलियर्ड्सच्या टेबलावर बॉल वाकडा चालवून दाखवणारा माणूस अख्ख्या रहाटणीत एकच आहे आणि तो आपण आहोत, असं दौलतराव छातीठोकपणे सांगत. अख्ख्या रहाटणीत बिलियर्ड्सचं टेबलही एकच आहे, हे मात्र ते सांगत नसत!

हे टेबल पवनाकाठ सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये, पहिल्या मजल्यावर होतं. कुठल्याशा कंपनीच्या ऑफिसर्स क्लबाला टाळं लागलं तेव्हा बिल्डरने ते उचलून आणलं, जाहिरातीच्या कागदावर त्याचा झोकदार फोटो छापला, फ्लॅट विकले आणि तो गेला तो गेलाच. टेबल राहिलं. हिरवी झूल पांघरलेल्या म्हशीसारखं खोली अडवून बसलं.

दौलतरावांच्या त्या प्रसिद्ध फटक्याचं नाव ‘चंद्रकोर’. नाव अर्थात त्यांनीच ठेवलेलं. पांढरा बॉल ह्या टोकाला, लाल बॉल त्या टोकाला, आणि बरोबर मधे वाट अडवून पिवळा. दौलतराव नेहमी जिन्याकडच्याच टोकाला उभे राहत. “इथून उजेड चांगला येतो,” म्हणत. काठीच्या टोकाला निळा खडू घासत, एक डोळा मिटत आणि बॉलला असा हलका धक्का देत, की तो जायला निघालाय की झोपायला, असा प्रश्न पडावा. बॉल डुलत डुलत निघे. आता पिवळ्यावर आपटणार असं वाटता वाटता, समोरून बोलघेवडी शेजारीण येताना दिसली की माणूस जसा हळूच रस्त्याची दुसरी बाजू धरतो, तसा तो वळे, पिवळ्याला चुकवी आणि लालला अलगद ‘टुक्’ करून टेके.

“बघितलंत?” दौलतराव म्हणत. “मनगट! सगळा खेळ मनगटाचा!”

एवढ्यावर थांबले असते तर ते दौलतराव कसले! फटक्याइतकाच त्यांना शब्दांचा नाद. कुठला शब्द कुठून आला, हे ते पुस्तकांतून आणि मोबाइलवरून शोधून काढत आणि रात्रीच्या जेवणाला तोंडी लावायला वाढत.

“अगं, ह्या काठीला क्यू का म्हणतात, ठाऊक आहे? क्यू म्हणजे शेपूट! मूळ फ्रेंच शब्द. पूर्वी काठीच्या पुढे लाकडाचा मोठा ठोकळा असायचा, त्यानं बॉल ढकलायचे. बॉल कडेला चिकटला की ठोकळा त्याच्यामागे मावायचा नाही. मग काठी उलटी धरून शेपटाच्या बाजूनं मारायचे. होता होता सगळेच शेपटानं खेळायला लागले. ठोकळा गेला, शेपूट राहिलं!”

“माणसाचं उलटं झालं,” गिरजाबाई आमटी वाढत म्हणत.

“आणि बॉलला बाजूनं फिरकी दिली, तर अमेरिकेत तिला ‘इंग्लिश’ म्हणतात. का? तर म्हणे इंग्लंडच्या खेळाडूंनी ती तिथं जाऊन दाखवली. आणि खुद्द इंग्लंडात? तिथं नुसतं ‘साइड’!”

“आपण नाही का मद्रासी डोसा म्हणत? मद्रासेत नुसता डोसा.”

“खडूची तर गंमतच! तिथल्या एका मार्करनं, मार्कर म्हणजे टेबलापाशी उभा राहून गुण मोजणारा, ‘फिरकीचा खडू’ म्हणून डब्या विकल्या असं सांगतात. हा लावा आणि बॉल वळवा! लोकांनी भराभर नेल्या. खडू साधाच! कसब त्या माणसाच्या हातात, आणि लोक समजले खडूत! कसे भोळे लोक असतात बघ.”

“असतात खरे,” गिरजाबाई म्हणत आणि भात वाढत.

आता तुम्हाला वाटेल, ह्या बाईंना त्या टेबलाचा कंटाळा असेल. छे! त्या टेबलावर गिरजाबाईंचा जेवढा जीव होता तेवढा दौलतरावांचाही नव्हता. कारण वेगळं होतं.

गिरजाबाई लग्न होऊन चिंचवडला आल्या तेव्हा रहाटणीत पेरूच्या बागा होत्या आणि ज्वारीत माणूस हरवत असे. सगळ्या गावाचं घड्याळ म्हणजे कंपन्यांचे भोंगे. एक भोंगा वाजला की भात टाकायचा, दुसरा वाजला की पोरांना शाळेत पिटाळायचं, तिसरा वाजला की कुंकू नीट करून दारात उभं राहायचं, कारण नवरा यायची वेळ झाली. मधला सगळा वेळ घर बाईचं! रेडिओ लावा, शेंगा फोडा, भिंतीला टेकून नुसत्या बसा. कुणी विचारणारं नाही. त्या दिवसांची आठवण निघाली की गिरजाबाईंचा चेहरा अजून तजेलदार होई.

मग दौलतराव निवृत्त झाले. ते होते टाइम ऑफिसात. कोण उशिरा आला, कोण लवकर सटकला, ह्यावर जन्मभर डोळा ठेवलेला माणूस. निवृत्तीच्या दुसऱ्याच सकाळी ते स्वयंपाकघरात येऊन ओट्यापाशी उभे राहिले.

“अगं, ही कुकरची दुसरी शिट्टी की तिसरी?”

“फोडणी आज जरा लेट झाली, नाही?”

“मोहरीचा डबा तू सारखा उचलतेस. तो डावीकडे ठेवला तर तुझे हेलपाटे वाचतील.”

भाकरी थापणाऱ्या बाईच्या मागे उभं राहून “एका भाकरीला एवढा वेळ?” असं विचारणारा माणूस आजही धडधाकट आहे, ह्याचं सगळं श्रेय गिरजाबाईंच्या माहेरच्या संस्कारांना!

अशात एके दिवशी दौलतरावांना क्लबहाउसमधलं ते टेबल सापडलं. दुपारचा चहा घेऊन ते जात ते थेट दिवेलागणीला परतत. तेवढा वेळ गिरजाबाई सोफ्यावर पाय वर घेऊन बसत. काहीही करत नसत. आणि ते काहीही न करणं त्यांना फार फार आवडे! थोडक्यात, ते टेबल म्हणजे गिरजाबाईंचा भोंगा होता.

तेव्हा सोसायटीचा नवा सेक्रेटरी प्रितम जेव्हा दारात येऊन म्हणाला, “काका, टेबल काढतोय. तिथं ट्रेडमिल बसवायच्यात,” तेव्हा दौलतरावांच्या आधी गिरजाबाई हातातला कप तसाच ठेवून पुढे आल्या.

प्रितम हिंजवडीला आयटीत. पोरगा गुणी, पण पाठीवरची लॅपटॉपची सॅक आंघोळीला तरी काढतो की नाही, अशी शंका यावी असा घाईतला.

“काढतोय म्हणजे?” दौलतराव कडाडले. “अरे, त्या टेबलावर कला आहे कला! माझी चंद्रकोर बघितली आहेस का कधी?”

“ऐकलंय काका. पण खरं सांगू? आमच्या कंपनीत पूलचं टेबल आहे. बॉल असा गरकन वळवायचा तर मसे मारावा लागतो. क्यू उभी धरून वरून खाली ठोका. तुम्ही म्हणे आडवी धरून, हळूच मारून वळवता. असं होतच नाही!”

“मसे!” दौलतरावांनी तो शब्द झुरळासारखा झटकला. “अरे, मूळ फ्रेंच शब्द तो. गदा, हातोडा, ह्या जातीचा! हाणायचा म्हणून हातोड्याचं नाव. रानटी प्रकार! आमचं काम मनगटाचं.”

“ओके. मग दसऱ्याला करून दाखवा ना काका, सगळ्यांसमोर. वर्गणीचं जेवण आहेच. त्याच दिवशी चिखलीहून अजिमभाई टेबल बघायला येतायत, ते जुनं फर्निचर घेतात. तुमचा बॉल वळला तर त्यांना परत पाठवतो. नाही वळला तर...”

“वळेल! डोळे बांधून वळवीन!”

“उघडे ठेवूनच वळवा हो,” गिरजाबाई घाईने म्हणाल्या.

प्रितम गेला. दौलतराव मनगट गोल गोल फिरवत आरशासमोर उभे राहिले. गिरजाबाईंच्या डोळ्यांसमोर मात्र ट्रेडमिल फिरत होत्या आणि प्रत्येक ट्रेडमिलच्या शेजारी, मोहरीचा डबा हातात घेऊन, दौलतराव उभे होते! नवऱ्याच्या मनगटावर सगळं सोडून चालणार नव्हतं. त्यांनी चपला घातल्या आणि खाली गेल्या.

खाली पारावर कोंडीराम आणि अनिसभाई बसलेले असत. कोंडीराम मूळचे मावळातले, जन्म टूलरूममध्ये गेलेला. लोखंडाच्या तुकड्यावर नुसता अंगठा फिरवून तो कुठं दबलाय ते सांगतील असा माणूस. अनिसभाईंचं थेरगावात डांगे चौकाजवळ गॅरेज. आता ते मुलगा बघे आणि अनिसभाई मुलगा काय चुका करतो ते बघत. गुडघ्यांमुळे दोघंही क्लबहाउसचा जिना कधी चढले नव्हते.

“भावजी,” गिरजाबाई कोंडीरामांना म्हणाल्या, “कंपनीत खंडेनवमीला तुमची मशीनं कशी आरशासारखी असायची! आम्ही बायकापोरं बघायला यायचो. तसं ह्यांच्या टेबलाचं एकदा करून द्या ना. पण ह्यांना कळू द्यायचं नाही. त्यांना वाटू दे, देवानंच केलं.”

“वहिनी, सांगायचं काम न्हाई!” कोंडीरामांच्या अंगात दहा वर्षांनी पुन्हा शिफ्ट सुरू झाली. “अष्टमीला धरतो काम.”

“मी गॅरेजमधून जॅक आणतो, भाभी,” अनिसभाई म्हणाले. “जॅकशिवाय दुरुस्ती म्हणजे आल्याशिवाय चहा.”

अष्टमीला गिरजाबाईंनी दौलतरावांना आळंदीला भाचीकडे धाडलं आणि खोबऱ्याच्या वड्यांचा डबा घेऊन त्या क्लबहाउसमध्ये हजर झाल्या. कोंडीराम धापा टाकत जिना चढले, पिशवीतून आपली जुनी लेव्हल काढली, फडक्यानं पुसली आणि टेबलावर ठेवली. काचेच्या नळीतला बुडबुडा भूत बघितल्यासारखा एका कोपऱ्यात पळाला.

कोंडीरामांनी लेव्हल उचलली, फिरवली, पुन्हा ठेवली. बुडबुडा पुन्हा पळाला. त्यांचा चेहरा बघवेना. जन्मभर नेकीनं राहिलेल्या माणसाला मुलगी पळून गेल्याची बातमी द्यावी, तसा झाला.

“वहिनी, ह्ये टेबल न्हाई. ह्यो खंडाळ्याचा घाट हाय!”

अनिसभाई तोवर जमिनीवर आडवे होऊन फरशी बघत होते. “अरे राव, इकडं या! ही खोली आधी बाथरूमची होती वाटतं. बघा, खिडकीखाली मोरीचं तोंड बुजवलंय. फरशीला ढाळ आहे, पाणी तिकडं जायला. टेबल बिचारं ढाळावर उभं आहे!”

“आता काही इथे पाणी ओतायचं नाही,” गिरजाबाई म्हणाल्या. “करून टाका सरळ.”

मग जे काम झालं ते बघत राहण्यासारखं होतं! अनिसभाईंनी जॅक लावला. टेबल कण्हत कण्हत वर आलं. कोंडीरामांनी पायांखाली पत्र्याच्या चकत्या सारल्या, काढल्या, कानशीनं घासल्या, पुन्हा सारल्या. लेव्हल आडवी ठेव, उभी ठेव, तिरकी ठेव. वडी खायलाही थांबले नाहीत. अनिसभाई थांबले, त्यामुळे डबा रिकामा झाला. दुपार कलली तेव्हा बुडबुडा नळीच्या बरोबर मधोमध, पाटावर बसलेल्या नवरदेवासारखा स्थिर झाला. कोंडीरामांनी टेबलावर बॉल ठेवून हात काढून घेतला. बॉल हलला नाही.

“आता हितं पारा ओतला तरी जागचा हलायचा न्हाई,” कोंडीराम म्हणाले आणि डोळे पुसले.

गिरजाबाईंनाही भरून आलं. नवऱ्यासाठी आपण किती करतो, आणि त्यांना ह्याचा पत्ताही नाही!

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. टेबलाला झेंडूच्या माळा लागल्या. दोन्ही क्यू भिंतीशी उभ्या करून त्यांना हळदकुंकू वाहिलं. खडूच्या तुकड्यावर अक्षता पडल्या. तीन बॉल ताम्हनात बसले. दौलतराव आळंदीहून परतले, हे सगळं बघून खूश झाले आणि म्हणाले, “वा! आता जरा चार फटके मारून हात साफ करतो.”

“दादा! हात लावायचा न्हाई!” कोंडीराम आडवे आले. “पूजेला बसलंय! आज हत्याराला इसावा असतो. कंपनीत तरी नवमीला मशीन सुरू केली व्हती का कधी?”

हे दौलतरावांना पटलं. नवमीला मशीन बंद, हे तर टाइम ऑफिसचंही ब्रह्मवाक्य. ते मागे सरले. पण टेबलाकडे मान तिरकी करून बघत राहिले.

“खिडकीकडून जरा उंच वाटतंय का गं हे?”

“झेंडूमुळे,” गिरजाबाई म्हणाल्या.

दसऱ्याला क्लबहाउस गच्च भरलं. एका बाजूला बाकावर पुऱ्यांची परात आणि भलंमोठं पातेलं भरून श्रीखंड. केशर न घातलेलं, पांढरंशुभ्र, कारण केशर कुणी आणायचं ह्यावरून बायकांचं शेवटपर्यंत ठरलं नव्हतं. चिखलीचे अजिमभाई खांद्यावर टेप टाकून टेबलाभोवती फिरत होते. प्रितम हाताची घडी घालून उभा. कोंडीराम आणि अनिसभाई पहिल्या रांगेत, मुलाच्या बक्षीस समारंभाला आल्यासारखे.

दौलतरावांनी कुडत्याच्या बाह्या सारल्या आणि भाषण सुरू केलं. शेपूट झालं, ठोकळा झाला, ‘इंग्लिश’ झालं, फिरकीच्या खडूच्या डब्या झाल्या. श्रीखंडावर साय धरू लागली.

“काका, शॉट,” प्रितम म्हणाला.

“हा घे!”

खडू. मिटलेला डोळा. हलका धक्का. बॉल डुलत डुलत निघाला. पिवळ्याच्या जवळ आला. दौलतराव पुढचं न बघताच लोकांकडे वळले आणि म्हणाले, “मनगट!”

‘टक्!’

बॉल पिवळ्याच्या छातीवर आदळला. सरळ! सुट्टी झाल्यावर गेटाकडे निघालेला कामगारसुद्धा इतका सरळ जात नाही!

“वार्म-अप,” दौलतराव म्हणाले.

दुसऱ्यांदा मारला. ‘टक्!’ आणखी हळू मारला. बॉल वाटेतच थांबला, पण थांबला तोही सरळ रेषेत. दौलतरावांनी खडू बदलला, क्यू बदलली, चष्मा बदलला. शेवटी ते आपल्या मनगटाकडे असं बघू लागले, जणू ते सकाळी कुणीतरी बदलून नेलंय.

“काका, राहू द्या,” प्रितम हळूच म्हणाला. पोरगा मनानं वाईट नव्हता. “होतं असं कधी कधी.”

“कधी म्हणजे कधीच झालेलं नाही!” दौलतराव म्हणाले. “हा बॉल वाकडा का जात नाही?”

इतका वेळ अभिमान गिळून बसलेल्या कोंडीरामांना आता राहवेना. ते ताडकन उठले.

“दादा, जाईलच कसा वाकडा? समदं टेबल लेव्हलला आणलंय मी! बारीक केसाचा फरक न्हाई! आता त्यो बॉल वाकडा गेला तर मिशी उतरवीन!”

दौलतरावांनी क्यू टेबलावर ठेवली.

“लेव्हल?” दौलतराव म्हणाले. “आधी नव्हतं?”

“कुठलं! मोरीकडं ढाळ व्हता की! खिडकीच्या अंगाला पार कललेलं. आमी जॅक लावून उचललं.”

“आणि तुम्हाला हे करायला सांगितलं कुणी?”

“वहिनींनी!” कोंडीराम आणि अनिसभाई एकदम म्हणाले, कौतुक त्यांच्या पदरात पडावं म्हणून.

दौलतरावांनी गिरजाबाईंकडे बघितलं. गिरजाबाईंनी श्रीखंडाकडे बघितलं.

“माझी चंद्रकोर!” दौलतराव पुटपुटले. “इतक्या वर्षांची माझी चंद्रकोर!”

“ती तुमची नव्हती, दादा,” कोंडीराम समजुतीनं म्हणाले. “ती मोरीची व्हती.”

मग जो हशा उसळला! प्रितमसुद्धा तोंडाला रुमाल लावून खिडकीकडे वळला. अजिमभाईंनी टेप काढला आणि टेबलाची लांबी मोजायला घेतली.

त्या टेपची पिवळी पट्टी सरसरत पुढे आली आणि गिरजाबाईंना आपल्या उरलेल्या आयुष्याच्या सगळ्या दुपारी तिच्याखाली मोजल्या जाताना दिसल्या. फोडणी लेट झाली का गं? ही तिसरी शिट्टी का गं? त्या पदर खोचून पुढे झाल्या.

“अहो, ते दुसरं मारा!”

“दुसरं कुठलं?”

“ते फ्रेंचांचं! उभं धरून! मुसळासारखं!”

“मसे?” दौलतराव दचकले. “अगं, मी तो कधी...”

“उखळात घालतात तसा घाला! मी लग्नाआधी मणभर भात सडलाय, काही कठीण नसतं! मान खाली, मुसळ वर, आणि सोडायचं!”

“काकू, नको! काका, कापड फाटेल!” प्रितम धावला.

“तू गप रे!” गिरजाबाई गरजल्या. “ह्यांना कला दाखवू दे!”

आता दौलतरावांच्याही अंगात काहीतरी शिरलं. रानटी तर रानटी! त्यांनी क्यू उभी धरली, टाचा उचलल्या, डोळे मिटले आणि वरून असा दणका हाणला, की खालच्या मजल्यावरची ट्यूब लुकलुकली म्हणतात!

पहिला आवाज आला ‘टर्रर्र!’ तो कापडाचा.

दुसरा आवाज आला ‘या अल्ला!’ तो अजिमभाईंचा. कारण बॉल पिवळ्यावरून उडाला, लालवरून उडाला, आणि अजिमभाई खाली वाकले नसते तर त्यांच्यावरच थांबला असता.

तिसरा आवाज आला ‘डुबुक्!’

सगळी खोली श्रीखंडाच्या पातेल्याकडे बघू लागली. पांढऱ्या श्रीखंडात पांढरा बॉल! वर नुसता एक खळगा पडला होता, तोही बघता बघता मिटला.

“पण वळला!” अनिसभाई ओरडले. “राव, हवेत वळला! मी बघितलाय! असा बाकाकडं वळला!”

“वळला का?” दौलतरावांनी डोळे उघडले.

“हवेत वळलेला धरत नाहीत काका!” प्रितम म्हणाला.

“कुठल्या नियमात लिहिलंय?”

ह्यावर जी चर्चा पेटली ती सोसायटीच्या पाण्याच्या प्रश्नावरही पेटली नव्हती. निम्मे लोक म्हणाले वळला, निम्मे म्हणाले घसरला, आणि बायका म्हणाल्या, आधी श्रीखंडाचं काय करायचं ते सांगा. टाकायचं म्हटलं तर दसऱ्याचं अन्न.

“टाकायचं कशाला?” गिरजाबाईंनी निकाल दिला. “कालच हळदकुंकू वाहून पूजलेला बॉल आहे. झाला तर प्रसादच झाला!”

पळीनं शोधलं, झाऱ्यानं शोधलं. बॉल काही मिळेना. शेवटी वाढायला घेतलं, आणि सेक्रेटरी म्हणून पहिली मोठी वाटी प्रितमला मिळाली. त्यानं चमचा घातला. ‘टक्!’

“सापडला!” सगळे ओरडले. प्रितमनं वाटी खाली ठेवली आणि त्या दिवशी त्यानं पुरी लोणच्याशी खाल्ली.

अजिमभाईंनी मात्र दोनदा श्रीखंड घेतलं, मग टेबलाच्या चिरलेल्या कापडात बोट घालून खाली टकटक वाजवून बघितलं. “सेक्रेटरीसाहेब, ह्याच्या पोटात दगड आहे, दगड! लाद्या आहेत अख्ख्या! उतरवायला क्रेन लागेल, जिन्यातून निघायचं नाही. नुसत्या कापडाकडं बघून मी हौसेनं घेणार होतो, तर ते काकांनी असं करून ठेवलं. राहू द्या तुमचं तुम्हालाच. श्रीखंड मात्र फर्स्टक्लास होतं.” आणि टेप गुंडाळून ते निघून गेले.

टेबल राहिलं! कुणाच्या मनगटानं म्हणा, कुणाच्या मुसळानं म्हणा, पण राहिलं! गिरजाबाईंनी मनोमन देवीला हात जोडले. घरी येताना दौलतराव रागाने चार पावलं पुढे चालत होते, पण गिरजाबाईंना त्याची फिकीर नव्हती. उद्या चहा झाला की स्वारी पुन्हा क्लबहाउसला जाईल, राग आपोआप उतरेल.

दुसऱ्या दिवशी चहा झाला. स्वारी उठली नाही.

“जायचं नाही का?” गिरजाबाईंनी विचारलं.

“कुठे जायचं? प्रितमनं खोलीला कुलूप लावलंय. फाटक्या कापडावर खेळायचं नाही म्हणे. नवं कापड मागवलंय, यायला वेळ लागेल.” दौलतराव खुर्चीत ताठ झाले. त्यांच्या डोळ्यांत चमक होती. “पण तू काल माझे डोळे उघडलेस. मनगट म्हणजे भ्रम! खरी विद्या मसे. तो मी आता पद्धतशीर शिकणार. घरीच!”

त्यांनी जेवणाच्या टेबलावर हिरवी चादर पसरली. बॉल नव्हते, म्हणून लिंबं घेतली. क्यू नव्हती, म्हणून जाळी काढायच्या झाडूचा दांडा घेतला. ‘ठप्!’ लिंबू फ्रीजखाली. ‘ठप्!’ लिंबू देवघरात. त्या संध्याकाळपर्यंत घरात सरबत सोडून दुसरं काही उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी मदतीला कोंडीराम आले. लेव्हल घेऊनच आले.

“दादा, बेस पक्का पायजे. आदी ह्ये टेबल बघू.” ते झालं. मग टेबल ज्या फरशीवर उभं होतं ती बघितली. मग दिवाण बघितला. मग कोंडीराम लेव्हल घेऊन स्वयंपाकघरात शिरले.

“वहिनी, तुमच्या वट्याला ढाळ हाय.”

“तो पाण्यासाठी आहे, भावजी! खबरदार हात लावाल तर!”

“अगं, पण त्यामुळेच तुझी भाकरी एका बाजूला जाड होत असेल,” दौलतराव दारातून म्हणाले. “कोंडीराम, अनिसला फोन लाव. जॅक घेऊन ये म्हणावं.”

गिरजाबाईंनी गॅस बंद केला, चपला घातल्या आणि थेट प्रितमचं दार वाजवलं.

“प्रितम, क्लबहाउसची किल्ली दे रे बाळा. टेबलावर धूळ बसते. झाडून येत जाईन मी.”

तेव्हापासून रोज दुपारचा चहा झाला की गिरजाबाई फडकं घेऊन क्लबहाउसला जातात, त्या थेट दिवेलागणीला परततात. फडक्याच्या घडीत थर्मास असतो, शेंगांची पुडी असते आणि छोटा रेडिओ असतो. खिडकीशी खुर्ची ओढायची, दुसऱ्या खुर्चीवर पाय ठेवायचे, रेडिओ बारीक लावायचा. चिरलेलं टेबल मुकाट समोर असतं. शिट्टी कितवी, असं विचारत नाही. घरी दौलतराव आणि कोंडीरामांनी मिळून आपला आपला चहा करायला सुरुवात केली आहे. पातेली जळतात, पण पातेल्यांचं काय एवढं!

परवा प्रितम जिन्यावरून धावत वर आला. पाठीला सॅक होतीच.

“काकू, गुड न्यूज! कापड आलं! माणूसही मिळालाय, उद्याच बसवून टाकतो. काकांना आत्ताच सांगून येतो, किती खूश होतील!”

गिरजाबाईंनी पाय खाली घेतले नाहीत. शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले.

“अरे, बस जरा. केवढा घामाघूम झालायस! घाई कसली आहे? दिवाळी होऊ दे. नाहीतर असं कर, तुळशीचं लग्नच होऊ दे. आणि काकांना इतक्यात काही बोलू नकोस हं. सराव चाललाय त्यांचा, उगाच मोडायला नको.”